ज्याच्याकडून मार खाल्ला तेच कॅरेक्टर खेळायचं: स्ट्रीट फायटर ६ च्या नोंदी

१४ जून २०२५

काम काय आहे ते आधी लिहितो म्हणजे पुढचं वाचताना कळेल. स्ट्रीट फायटर ६ या एकास एक मारामारीच्या गेममध्ये माझा मेन, म्हणजे नेहमीचं कॅरेक्टर, ऱ्यू, क्लासिक कंट्रोल (दिशा फिरवून बटण दाबलं की मूव्ह निघतो), आणि ऑनलाइन रँक्ड मॅचमध्ये गोल्ड रँकला येऊन अडकलोय, तिथून वर सरकतच नाही. कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेले फटके, पाठ आहेत, ट्रेनिंग मोडमध्ये दहाला दहा येतात, पण मॅचमध्ये समोर गाइल नाहीतर झँगिफ आला की काय करायचं तेच सुचत नाही. व्हिडिओ बघून झाले, नोट्स काढून झाल्या, फरक शून्य. म्हणून या पावसाळ्यात एकच नियम लावलाय: ज्या कॅरेक्टरकडून सगळ्यात जास्त हरलो, पुढचे काही दिवस तेच खेळायचं. आणि रँक्डमध्येच खेळायचं, कारण या गेममध्ये प्रत्येक कॅरेक्टरची रँक वेगळी असते, ऱ्यूचे पॉइंट जागेवर राहतात.

गेम जून २०२३ ला आला तेव्हा १८ कॅरेक्टर होते, मग डीएलसीचे (नंतर वेगळे विकत घ्यायचे) वाढत गेले, याच महिन्यात एलेना आली. सगळे खेळायचा विचार नाही, तेवढा वेळही नाही, नाशिकमध्ये अंबडला कंपनीत शिफ्ट असते. प्रत्येक कॅरेक्टर सोडताना फक्त दोन गोष्टी लिहायच्या: हे हातात असताना मला कशाची भीती वाटत होती, आणि समोरच्याने काय केलं की मी अडकत होतो. मूव्ह लिस्ट कुठेही मिळते, ती इथे उतरवत बसणार नाही.

१८ जून

खेळ सुरू व्हायच्या आधी नेटचं काम काढावं लागलं. पीसी आतल्या खोलीत, राउटर हॉलमध्ये, मधे दोन भिंती, वायफायवर मॅच मधेच झटके खाते आणि समोरचा माणूस इथून तिथे जाऊन उभा राहतो. रोलबॅक नेटकोड (नेटचा उशीर झाकणारी गेमची व्यवस्था) चांगला आहे पण वायफायचा उशीर सारखा कमीजास्त होत असेल तर त्याचाही इलाज नाही, आणि बरेच लोक गेममध्ये वायफायचं चिन्ह दिसलं की मॅचच घेत नाहीत. एम.जी. रोडवरून वीस मीटर केबल आणली, दोन्ही टोकांना कनेक्टर तिथेच मारून घेतले, साडेसहाशे रुपये झाले. दाराच्या चौकटीवरून केबल फिरवताना एक टोक दाबलं गेलं आणि नेट बंद, ते टोक कापून परत कनेक्टर मारायला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. जो करेल त्याने आधी केबल पूर्ण पसरून नेट चालू करून बघावं आणि मगच क्लिपा ठोकाव्यात.

पावसात लाइट जायची ती जातेच. पीसीला यूपीएस आहे पण राउटर बंद पडला की मॅच तुटते आणि डिस्कनेक्ट आपल्या नावावर लागतो. राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला, अकराशे. या सगळ्या खर्चातला सगळ्यात उपयोगी हाच.

२२ जून: गाइल

पहिला नंबर गाइलचा लागणारच होता. हा १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासूनचा, तेव्हापासून त्याचा पाया बदललेला नाही: मागे दाबून धरायचं, मग पुढे आणि पंच, सॉनिक बूम, लांबवर जाणारा मारा. खाली दाबून धरायचं, मग वर आणि किक, फ्लॅश किक, उडी मारणाऱ्याला पाडणारी लाथ. खाली-मागे कोपऱ्यात अंगठा ठेवला की दोन्हीचा चार्ज (दिशा धरून ठेवायचा वेळ) एकदम भरतो.

वाचायला सोपं आहे, पण ऱ्यू खेळणाऱ्या माणसाचा हात सारखा पुढे जातो. एक पाऊल पुढे, एक मागे, परत पुढे, अशी सवय असते आणि गाइलमध्ये प्रत्येक वेळी पुढे गेलं की चार्ज मेला. बूम पाहिजे तेव्हा नुसता पंच निघतो. यावर जे चाललं ते असं: बूम मारताना पुढेचं बटण टोचल्यासारखं दाबायचं आणि लगेच अंगठा मागे आणून ठेवायचा, बूम स्क्रीनवर दिसायच्याही आधी. म्हणजे पुढच्या बूमचा चार्ज आधीची बूम हवेत असतानाच सुरू होतो. कॉम्बो वगैरे सगळं सोडून नुसतं हेच घोटलं.

२५ जून

बूम येत नाहीयेत ते फक्त हाताचं नव्हतं. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले चालू केला, त्यात प्रत्येक दिशेपुढे ती किती फ्रेम धरली तो आकडा येतो (सेकंदाला ६० फ्रेम), तर मी खाली-मागे घट्ट धरलंय आणि डिस्प्लेवर खाली-मागे, खाली, खाली-मागे, खाली असं नाचतंय. म्हणजे मागेचा चार्ज सारखा तुटतोय. ऱ्यूमध्ये हे कधी लक्षात आलंच नसतं कारण तिथे कुठली दिशा इतका वेळ धरतच नाही.

कंट्रोलर उघडला. चार स्क्रू, मग कडेने कार्ड घालून कव्हर सुटं करायचं, आत पातळ रिबन केबल असते ती ताणायची नाही, दोन्ही भाग पुस्तकासारखे अलगद उघडायचे. डी-पॅडच्या रबराखाली काळा थर बसला होता, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरण्याच्या कापसाने रबराचे काळे ठिपके आणि खालची फिल्म दोन्ही पुसलं. ट्रिगरची स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली ती शोधण्यात संध्याकाळ गेली, म्हणून हे काम चादर अंथरून करावं. आता डिस्प्लेवर खाली-मागे एकच ओळ, आकडा वाढत जातो. नवीन कंट्रोलर घ्यायचा विचार होता, तो खर्च वाचला.

२९ जून

गाइलची उत्तरं. भीती कशाची: पुढे चालायची. गाइल पुढे चालत असताना त्याच्याकडे बूमही नाही आणि फ्लॅश किकही नाही, तो त्या क्षणी साधा उंच माणूस आहे. आणि दुसरी भीती पाठीमागच्या भिंतीची, कारण चार्ज धरून बसायचं म्हणजे हळूहळू मागे सरकत जायचं.

समोरच्याने काय केलं की मी अडकत होतो: जो उडी न मारता चालत, थांबत, बूम पॅरी करत यायचा तो. ड्राइव्ह पॅरीवर (बटणं धरून मार झेलायचा) बूम घेतली की त्याचा ड्राइव्ह गेज (खास चालींसाठी लागणारी पट्टी) उलट भरतो. मी मारतोय आणि तोच भरतोय. आणि मी ऱ्यू घेऊन गाइलसमोर काय करायचो तर बूमला हाडोकेनने (ऱ्यूचा लांब जाणारा गोळा) उत्तर आणि वैतागून उडी. बूमनंतर गाइल लवकर मोकळा होतो, त्या देवाणघेवाणीत ऱ्यू जिंकत नाही, आणि खाली बसलेल्या गाइलवर उडी मारणं म्हणजे फ्लॅश किक मागून घेणं. उडी मारायची ती तो उभा राहून पुढे येतोय तेव्हा. हे व्हिडिओंमध्ये शंभर वेळा ऐकलं होतं, पण अंगठा पुढे जाताना स्वतःच्या पोटात गोळा आला तेव्हा पटलं.

६ जुलै: झँगिफ

आज आषाढी, मावशीकडचे सगळे आले होते. मावसभाऊ पंचवटीत तालमीत जातो, गेम फारसा खेळत नाही, पण झँगिफ बघून लगेच बसला. मी चार दिवस त्याच्याशीच झगडत होतो. मुख्य अस्त्र स्क्रू पाइलड्रायव्हर, दिशांची पूर्ण गोल फिरकी आणि पंच. फिरकीत वरची दिशा येते आणि ती आली की झँगिफ उडी मारतो, पकड राहते बाजूला. प्रत्यक्षात पूर्ण गोल लागत नाही, मागे-खाली-पुढे-वर एवढं झालं की पुरतं, पण शेवटच्या वरला पोचता पोचता पंच पडला पाहिजे. तेही उभ्या उभ्या मला जमलं नाही. जमलं ते असं: आधी लाइट पंच मारायचा आणि तो हात हवेत असतानाच फिरकी पूर्ण करायची, तेवढ्या वेळात झँगिफ उडी मारूच शकत नाही. ब्लॉक करत असतानाही तसंच, मार थांबायच्या आत फिरकी तयार ठेवायची.

पकड येऊ लागली तरी मॅच हरतच होतो. कारण मी सरळ चालत जाऊन पकडायला बघायचो आणि लोक उडी मारून निघून जायचे, वरून लाथ. मावसभाऊ बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "दादा, तू डायरेक्ट पट काढायला जातोयस. आधी खडाखडी कर ना. हात लाव, मागे हो, परत हात लाव, त्याला कळू देऊ नको कधी येणार ते."

मग तेच केलं. जवळ जायचं, एक छोटा पंच, थांबायचं. परत पंच, परत थांबायचं. समोरचा दोनदा ब्लॉक करतो, तिसऱ्यांदा पॅरी दाबतो, आणि पॅरी धरलेल्या माणसाला पकडलं तर ते पनिश काउंटर धरतात, मार जास्त बसतो. खाली बसून ब्लॉक करणाऱ्यालाही पकड लागते कारण पकड ब्लॉक होतच नाही. त्या रात्री पहिल्यांदा असं वाटलं की समोरच्याचं डोकं मला दिसतंय.

१३ जुलै

झँगिफ अजून सोडवत नाहीये. याची तब्येत ११,०००, बहुतेकांची १०,०००, आणि ती जास्तीची हजार लागतेच, कारण जवळ जाईपर्यंत मार खायचाच असतो. लोकांना हे कॅरेक्टर एकच काम करणारं वाटतं. मला उलट वाटायला लागलंय, सगळ्यात जास्त समोरच्याकडे बघून खेळावं लागतं ते झँगिफमध्ये. ऱ्यूमध्ये मी माझं माझं खेळायचो, हाडोकेन, लो किक, ड्राइव्ह रश (गेज वापरून पुढे झेप), समोर कोण आहे याचं काही नाही. झँगिफमध्ये समोरचा घाबरला का, कंटाळला का, उडीच्या बेतात आहे का, हे कळल्याशिवाय पुढे पाऊलच टाकता येत नाही.

भीती कशाची: लांबून शांतपणे हाडोकेन टाकत मागे जाणारा माणूस. पण त्याची जागा संपते. म्हणून ऱ्यू घेऊन झँगिफसमोर आता दोनच पथ्यं: जवळ आला की पॅरीला हात लावायचा नाही, आणि भिंतीला पाठ लागायच्या आधीच मधे जागा करून घ्यायची, भिंतीशी पोचल्यावर नाही.

१९ जुलै: मॅनॉन, जेमी

हे दोन्ही लवकर उरकले. मॅनॉन ज्युदो आणि बॅले, पकड लागली की मेडल वाढतं, पाचपर्यंत, आणि पुढच्या राउंडला मेडलं तशीच राहतात. त्यामुळे पहिला राउंड हरूनही वाईट वाटत नाही. समोरून मात्र एवढं कळलं की तिच्याविरुद्ध पहिल्या राउंडमध्येच सावध राहायचं, नुसतं हेल्थ बारकडे बघून पुढे आहे असं समजायचं नाही, तिची मेडलं बघायची.

जेमीचं उलट, तो मॅचमध्ये पीत जातो, जितकं पिईल तितके नवे मूव्ह उघडतात, चार घोटांपर्यंत, पण राउंड संपला की परत शून्य. मला हे झेपलं नाही. प्यायला सुरक्षित वेळ शोधायची आणि ती मिळाली की मारायचं सोडून प्यायचं, हा हिशोब हातात बसेना, दोन रात्री गेल्या आणि सोडून दिला. ज्याला हिशोब आवडतो त्याने जरूर घ्यावा, चालायला आणि बघायला तो या सगळ्यांत सुंदर आहे.

२७ जुलै: धालसिम

आपला माणूस. १९९१ पासून या मालिकेत आहे, लांब हातपाय, योगा फायर (आगीचा गोळा), टेलिपोर्ट (गायब होऊन दुसरीकडे निघणं). लहानपणी दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळायचो तेव्हा त्याला कोणीच घ्यायचं नाही, हळू आहे म्हणून, आणि मलाही तेव्हापासून तेच वाटत होतं. या आठवड्यात एका धालसिमने मला इतका धुतला की नियमाप्रमाणे घ्यावाच लागला.

पहिला अडथळा बटणांचा. नुसतं बटण दाबलं की हात लांब जातो, मागे धरून दाबलं की जवळचा छोटा फटका निघतो. समोरचा अंगाशी आलेला असताना घाईत मागे धरायचं राहतं, हात लांब त्याच्या पलीकडे, आणि मी उघडा. दुसरा अडथळा टेलिपोर्ट, त्याला तीन पंच किंवा तीन किक एकदम लागतात, पॅडवर ते अंगठ्याने होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन दोन ट्रिगरला तीन पंच आणि तीन किक नेमून दिले. हे पहिल्या दिवशीच करा.

मग हळूहळू मजा कळली. धालसिम हळू चालतो, हळू उडतो, आणि त्या हळूपणाचाच उपयोग आहे. समोरचा उडीच्या हिशोबाने बटण दाबतो आणि मी अजून हवेतच असतो. योगा फायर टाकायची आणि तिच्या मागून चालत जायचं, नाहीतर ती समोरच्यापर्यंत पोचतेय तोवर पाठीमागे टेलिपोर्ट. स्क्रीनच्या अर्ध्यातून एक लाथ लागते आणि समोरच्याला समजत नाही की आता पुढे जाऊ का मागे. मी ऱ्यूमध्ये हेच तर करत नव्हतो, हाडोकेन टाकून जागेवर उभा राहायचो. हाडोकेनच्या मागून चालायचं हे मला धालसिमने शिकवलं.

भीती कशाची: एकदा खाली पडलो की. ऱ्यूच्या शोर्यूकेनसारखं (वर उसळणारा ठोसा) उठता उठता मारायला काही नाही, समोरचा चिकटून उभा राहिला की गेज जाळून सुटका करायची. आणि लांब गेलेला हातही शरीराचाच भाग आहे, हातावर मारलं तरी लागतं. हे मला इतके दिवस माहीतच नव्हतं, मी कायम धालसिमच्या धडापर्यंत पोचायची धडपड करत होतो. आता हात आला की हातावरच लो किक.

३ ऑगस्ट: जेपी

हा अजून सुटलेला नाही, तसंच लिहितो. ट्रिग्लाव्ह म्हणजे जमिनीतून वर येणारे सुळे, डिपार्चर म्हणजे हवेत लावलेलं दार, शिवाय लांबून येणारी भुतं, त्यातलं एक मारतं आणि एक पकडतं. ट्रिग्लाव्ह कुठे येणार ते कुठल्या ताकदीचा पंच दाबला त्यावर ठरतं. घेऊन बसलो तर अंतर मोजण्यातच जीव गेला, सुळे समोरच्याच्या मागे नाहीतर पुढे.

एवढं मात्र नक्की कळलं की जेपी हातात असताना मला सगळ्यात सोपे वाटले ते उड्या मारणारे, आणि सगळ्यात अवघड ते जे नुसतं चालत, ब्लॉक करत, न चिडता येतात. सगळी सामग्री समोरच्याला चिडवून चूक करायला लावण्यासाठी आहे. ऱ्यू घेऊन जेपीशी मी अजूनही बहुतेक वेळा हरतो, पण आता कुठल्या भुताला ब्लॉक करायचं आणि कुठल्याला उडी मारायची एवढं डोळ्यांना दिसतं. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला (सरावाचा प्रतिस्पर्धी) दोन्ही भुतं रेकॉर्ड करून आलटून पालटून लावली, रोज खेळायला बसायच्या आधी थोडा वेळ तेच.

९ ऑगस्ट

राखीला ताई आली होती, भाचा पण. त्याला केन दिला, मॉडर्न कंट्रोलवर, पुढे आणि एक बटण दाबलं की शोर्यूकेन. शॉर्टकटने मारलेल्या स्पेशलचा मार वीस टक्के कमी असतो, म्हणून मी मॉडर्नला कधी मोजलंच नव्हतं. भाच्याने माझी प्रत्येक उडी पाडली, एकही सोडली नाही. मग म्हणतो, "मामा, तू सारखी उडी का मारतो?"

रात्री रिप्ले लावून बघितलं. खरंच, गेज कमी झाला की मी उडी मारतो, मार खाल्ला की उडी मारतो, समोरचा ब्लॉक करून बसला की उडी मारतो. गाइलपासून जेपीपर्यंत सगळ्यांनी माझी तीच एक गोष्ट खाल्ली होती. मॉडर्नवर असलेल्या माणसासमोर उडी विसरायची, त्याला फक्त बघायचंय आणि एक बटण दाबायचंय, फिरकीच नाही. क्लासिकवाला निदान कधीतरी चुकतो.

१७ ऑगस्ट

परत ऱ्यू. हात सुरुवातीला परका वाटला, विनाकारण चार्ज धरत होतो, पण दुसऱ्या दिवशी बसला. बदल कुठे दिसतोय ते लिहितो. गाइलविरुद्ध निम्म्याच्या जवळ जिंकायला लागलो, पूर्वी एखादी. झँगिफविरुद्ध मॅच लांबतात, माझा गेज शिल्लक राहतो, बर्नआउटला (गेज पूर्ण संपणं) जात नाही. धालसिम दिसला की आता आनंद होतो. जेपी तसाच. रँक प्लॅटिनमला (गोल्डच्या वरची) लागली, पण त्यात दोन दिवस नशीबही होतं, लागोपाठ केन आले आणि केन मला आधीपासूनच कळतो.

हाडोकेन टाकून मागून चालणं आता आपोआप होतंय. डेंजिन चार्जही (पुढचा हाडोकेन जोरदार करणारी तयारी) पूर्वी कॉम्बोनंतर सवयीने घ्यायचो, आता समोरचा खाली पडलाय आणि लांब आहे तेव्हाच घेतो, कारण जेमीच्या पिण्याचा हिशोब तोच होता, मला तेव्हा जमला नव्हता तरी डोक्यात राहिला.

एकूण खर्च केबल, कनेक्टर दुसऱ्यांदा मारायचे पैसे, राउटरचा यूपीएस आणि अल्कोहोलची बाटली मिळून दोन हजारांच्या आत. वेळ सगळ्यात जास्त वाया गेला तो डी-पॅडमध्ये आणि जेमीमध्ये. परत केलं तर नेट आणि कंट्रोलर हे दोन्ही पहिल्याच दिवशी तपासेन, आणि एका कॅरेक्टरला निदान एक आठवडा देईन, जेमीला तो दिला नव्हता.

२३ ऑगस्ट

सागत (नवं डीएलसी कॅरेक्टर) ५ तारखेला आला आणि तेव्हापासून रँक्डमध्ये जिकडेतिकडे तोच. त्याचा लांब जाणारा गोळा म्हणजे टायगर शॉट, त्यातला वरचा खाली बसून चुकवता येतो पण खालचा नाही, आणि मी अजून दोन्हीवर सारखाच दचकतो. नियमाप्रमाणे पुढचा नंबर त्याचा. लगेच विकत घेणार नाही, गेममध्ये रेंटल तिकीट जमली आहेत, डीएलसी कॅरेक्टर तासभर वापरता येतं. त्या तासात मॅच खेळायच्या नाहीत, आधी बटणं नेमायची, इनपुट डिस्प्ले लावायचा आणि दोन्ही टायगर शॉट कुठल्या अंतरावरून मारले की समोरच्याला उडी मारावीशी वाटते तेवढंच बघायचं. गणपतीत मावसभाऊ येणारे, त्याच्यासमोर लावून बघतो.